शेवटचा शब्द मुलांचा

परब बाईंना मी पाहिलं नंतर, आधी ऐकलं. परळच्या आमच्या शाळेत मी रुजू झालो आणि पहिल्याच दिवशी मला चौथीचा वर्ग मिळाला. चौथी आणि पहिली यांच्यामध्ये भिंत नाही, लाकडी पार्टिशन आहे. पूर्वी तिथे गॅदरिंगचा मोठा हॉल होता म्हणे. मी फळ्यावर तारीख लिहीत होतो, तेवढ्यात पलीकडच्या पंख्याची करकर थांबली आणि एक आवाज सुरू झाला. गॅलरीतून खालच्या भाजीवालीला हाक मारावी तसा मोकळा, खणखणीत आवाज.

"मुंगीबाई मुंगीबाई, निघालात कुठे?
साखरेच्या डब्याचे झाकण जिथे..."

आणि आवाज थांबला. मला वाटलं, बाई विसरल्या. वयाचा परिणाम असेल म्हणून मी मनातल्या मनात त्यांना माफही करून टाकलं. तोच पहिलीच्या अख्ख्या वर्गाने आरोळी ठोकली, "सुटे!" पार्टिशन हललं, माझ्या हातातला खडू खाली पडला. वाईट म्हणजे माझ्या चौथीतली पोरंही मागून "सुटे, सुटे" पुटपुटत हसायला लागली. तीसुद्धा याच बाईंच्या हाताखालून गेली होती.

मी गणिताचा माणूस. कवितेशी माझं भांडण नाही, पण फार जाणं-येणंही नाही. तरी त्या आवाजाच्या शेजारी मी इतकी वर्षं काढली, की त्याच्याशिवाय मला भागाकार शिकवता येईनासा झाला. पुढे त्या आवाजावरच गदा आली. तेच सांगायला बसलोय, पण आधी बाईंची नीट ओळख करून द्यायला हवी.

नलिनी परब. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर घर, गाव मालवणकडचं. सुती साडी, पदर खोचलेला, चष्मा गळ्यात दोरीला, आणि गालात कायम ज्येष्ठमधाची कांडी. बाईंचा गाल फुगलेला असला म्हणजे वाचनाची वेळ जवळ आली, हे शाळेचा शिपाईसुद्धा ओळखायचा. वाचायच्या आधी त्या पंखा बंद करत. का, तर पंखा आवाज कापून टाकतो. मे महिन्याच्या तोंडावर पोरं घामाने निथळत असायची, पण पंखा बंद झाला की एकही तक्रार नाही. सगळी जवळ सरकून बसायची. इतर वर्गांत शांतता आणायला छडी आपटावी लागते, बाईंना बटण पुरायचं.

दुसरी गोष्ट पुस्तकाची. कविता तोंडपाठ असली तरी पुस्तक हातात धरल्याशिवाय बाई तोंड उघडत नसत. मुंगीबाईचं ते पुस्तक वापरून वापरून इतकं झिजलं होतं की कव्हर आणि पुढची पानं कधीच गळून गेली होती. कवी कोण, ते शाळेत कुणालाही सांगता यायचं नाही. मी एकदा म्हटलं, "बाई, पाठ आहे तर पुस्तक कशाला मिरवता?" तर म्हणाल्या, "सर, पोरांना दिसायला नको, की एवढी मज्जा त्या कागदातून येते? नाहीतर त्यांना वाटेल ती परब बाईंच्या पोटातून येते."

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेवटचा शब्द. यमक जिथे जुळतं तो शब्द बाई कधीच वाचत नसत. तिथवर यायचं, भुवया वर करायच्या आणि थांबायचं. तो शब्द ऐकणाऱ्याचा. वर्गातला कायदाच होता तो: जो वाचेल त्याने शेवटचा शब्द सोडायचा, जो ऐकेल त्याने तो भरायचा. एखादं पोर चुकीचा शब्द बोललं तरी यमक जुळलं असेल तर बाई खूश. अर्थ काय, कवीला काय म्हणायचंय, खालील प्रश्नांची उत्तरे द्या, असल्या भानगडीत त्या पडत नसत. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, की मुंगी कुठे निघाली आहे असा प्रश्न तुम्ही मुलांना विचारत नाही का? बाई म्हणाल्या, "कवितेत मुंगीलाच विचारलंय ना, साहेब? मग परत पोरांना कशाला छळायचं?"

ही सवय त्यांच्या बोलण्यातही उतरली होती. स्टाफरूममध्ये येऊन म्हणायच्या, "सर, आज चहा कोण..." आणि भुवया वर. आम्ही मुकाट्याने म्हणायचो, "सांगणार." "आणि पेपर कधी..." "तपासणार." सुरुवातीला माझी चिडचिड व्हायची, मग जीभ आपोआप चालायला लागली. माझगावच्या गोदीतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान तर आम्हाला ऐटीत सांगायचे, "आमच्या घरात शेवटचा शब्द माझाच असतो. फक्त तो कुठचा, ते ही ठरवते."

एकदा मी तक्रार केली होती. म्हटलं, "बाई, जरा हळू वाचाल का? माझी पोरं अपूर्णांक सोडून तुमच्या मुंगीकडे कान लावून बसतात." त्या रागावल्या नाहीत. गालातली कांडी या बाजूची त्या बाजूला सारली आणि म्हणाल्या, "सर, हळू वाचलं ना, तर मागच्या बाकावरच्याला वाटतं, हे पुढच्यांसाठीच चाललंय. माझा शब्द मागच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे. तुमच्या मागच्या बाकापर्यंत पोचत असेल, तर तो वरचा नफा." 

शाळेच्या मागे गिरणीच्या जागेत टॉवर उभा राहायला लागला, त्या वर्षी पायाचे खांब ठोकणाऱ्या पायलिंगच्या मशीनने आमचा जीव नकोसा केला. दिवसभर धम्म, धम्म. आम्ही सगळ्यांनी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, कागद दिला, की शिकवणं अशक्य झालंय. सही नव्हती ती फक्त परब बाईंची. पलीकडे पाहिलं तर त्या पोरांना मांडीवर ताल धरायला लावून मशीनच्या ठोक्यावर कविता वाचत होत्या. "लोक तबलजी शोधत फिरतात," मला म्हणाल्या, "आपल्याला बिल्डरने फुकट दिलाय."

त्यांच्या शेवटच्या तुकडीची गोष्ट मात्र वेगळी काढून सांगायला हवी. पहिलीला घेतलेली मुलं बाई दुसरीतही स्वतःकडेच ठेवायच्या. खोली तीच, दारावरची पाटी फक्त बदलायची. दुसरी संपली की बाई निवृत्त होणार होत्या, त्यामुळे ही तुकडी शेवटची हे सगळ्यांना माहीत होतं.

ती मुलं पहिलीत असताना पालकसभेत सावंत नावाचे एक पालक उभे राहिले. लालबागचेच, आवाज चढा. "बाई, हे मुंगीबिंगी आता पुरे करा. बाजूच्या इंग्लिश मिडियमची पोरं फाडफाड बोलतात. आमची पोरगी घरी येऊन भिंतीवरच्या मुंग्यांशी बोलते."

बाई गावच्या बोलीत आल्या म्हणजे समोरच्याने सावध व्हायचं असतं. "सावंतानू, हयसर येवा," त्या म्हणाल्या आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "वाचा. मोठ्यान."

सावंतांनी स्टेशनवरची अनाउन्समेंट करावी तसं वाचलं: "मुंगीबाई मुंगीबाई घाई एवढी कसली वरणाच्या वाटीमध्ये मैत्रीण माझी फसली." पोरं एकदम ओरडली, "ओ काका, तो आमचा शब्द!" सावंत ओशाळले. पुन्हा वाचलं. यावेळी हळू, डोलत, आणि "मैत्रीण माझी" पाशी थांबले. कोपऱ्यातून त्यांची मुलगी, जी घरी म्हणे बापासमोर मान वर करत नसे, जोरात म्हणाली, "फसली!" आणि खदखदून हसली. सावंत तिच्याकडे बघतच राहिले. मग कुणी न सांगता त्यांनी पान उलटलं.

त्या दिवसापासून बाईंनी गृहपाठ लावला तो पालकांना. पुस्तक एकच, म्हणून कविता त्यांनी प्रत्येक पोराच्या वहीत उतरवून दिल्या. रोज जेवायच्या आधी आईने किंवा बापाने एक कविता मोठ्याने वाचायची, शेवटचा शब्द मुलांचा. पिंकी नावाच्या मुलीचे वडील बिहारकडचे, त्याच नव्या टॉवरच्या गेटवर वॉचमन. ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, हमको मराठी नहीं आती." बाई म्हणाल्या, "अक्षर तो वोही है ना? बाराखडी एकच. पढो." त्यांनी बोट ठेवून वाचलं, अगदी त्यांच्या गावच्या चालीत. मध्येच थांबून विचारलं, "मुंगी माने?" "चींटी, पापा," पिंकी म्हणाली. पुढे मी संध्याकाळी टॉवरच्या गेटवरून जायचो तेव्हा खुर्चीत बसून पिंकीचे वडील मुंगीबाई वाचताना दिसायचे, शेजारी पिंकी उभी, आणि लिफ्टकडे निघालेले बुटातले साहेब लोक थबकून ऐकायचे. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा छाती फुगल्यासारखं व्हायचं. जशी काही ती कविता मीच शिकवली होती.

मग आली स्पर्धा. दादरच्या एका हॉलमध्ये शाळाशाळांची समूह कवितावाचनाची स्पर्धा होती आणि आमच्या पहिलीचं नाव बाईंनी दिलं होतं. सोबत म्हणून मी गेलो, मुलांचे आईबापही आले होते. आधीच्या शाळांची मुलं हातवारे, मुकुट, पंख वगैरे लावून आली होती. आमची मुलं गणवेशात, हातात कवितेच्या वह्या. पडदा उघडला आणि त्यांनी झोकात सुरुवात केली.

"साखरेच्या डब्याचे झाकण जिथे..."

आणि सगळी एकदम थांबली. समोर प्रेक्षकांकडे बघत, भुवया वर.

 शेजारी बसलेल्या बाईंनी कपाळावर हात मारला. "मेलंय मी!" त्या पुटपुटल्या. चूक कुठे झाली ते त्यांच्या लगेच ध्यानात आलं. मुलांनी आपला कायदा पाळला होता. आज वाचणारे ते होते, तेव्हा शेवटचा शब्द ऐकणाऱ्यांचा. स्पर्धेत तो कायदा चालत नाही हे त्यांना सांगायचं बाईंना सुचलंच नव्हतं. परीक्षक मायेने म्हणाले, "आठवा बाळांनो, घाबरू नका." पण पोरं घाबरली कुठे होती? ती निवांत उभी होती. शब्द येणार याची त्यांना खात्री होती.

आणि शब्द आला. अगदी मागच्या रांगेतून, वॉचमनच्या गणवेशातच आलेले पिंकीचे वडील उभे राहिले आणि गर्जले, "सुटे!"

पुढच्या ओळीला सावंत ओरडले. त्याच्या पुढच्या ओळीला आमचे सगळे आईबाप. कविता संपेपर्यंत मुकुटवाली आणि पंखवाली पोरंसुद्धा आमच्या मुंगीबाईत सामील झाली होती. बाई आता कपाळावरचा हात काढून मांडीवर ताल धरत होत्या.

निकालात आमच्या शाळेचं नाव नव्हतं. प्रेक्षकांची मदत घेतली म्हणून आम्हाला स्पर्धेतूनच बाद केलं होतं. परतीच्या बसमध्ये मी तोंड पाडून बसलो होतो. बाई खिडकीशी, मांडीवर झोपलेलं एक पोर. "सर," त्या म्हणाल्या, "पहिल्या आलेल्या शाळेने कुठची कविता वाचली?" मला आठवेना. "बघा. आणि आमची मुंगी अख्ख्या हॉलला पाठ झाली. आता सांगा, जिंकलं..." भुवया वर. "तुम्ही," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. "पोरं," म्हणाल्या. एवढ्या वर्षांत माझा शब्द त्यांनी चुकीचा ठरवला तो तेवढाच. त्यांच्या तोंडावरचा तो अभिमान पाहून बाद झाल्याचं माझं दुःख हिंदमाताचा स्टॉप यायच्या आत संपलं.

मुलं दुसरीत गेली आणि गणपतीनंतर बाईंचा गळा सुजायला लागला. ज्येष्ठमध, हळदीचं दूध, गरम पाण्याच्या गुळण्या, सगळं झालं. शेवटी तपासण्यांत गळ्यात गाठ निघाली. ती कॅन्सरची नव्हती, पण काढायलाच हवी होती. परळच्याच हॉस्पिटलात त्यांना नेलं तेव्हा यजमानांसोबत मी होतो. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने विचारलं, "आजी, काम काय करता तुम्ही?" शिक्षिका आहे असं बाई म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, "वाचून दाखवते." डॉक्टरचा चेहरा उतरला. आवाजाची नस गाठीला चिकटून जाते, आम्ही पूर्ण काळजी घेऊ, पण आवाज पहिल्यासारखा राहील असं वचन देता येणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. बाईंनी गालातली कांडी काढून रुमालात बांधली.

दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. उरला नुसता वारा. मी भेटायला गेलो तेव्हा त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, पट्टी गळ्याभोवती. मी उगाच हवापाण्याच्या गप्पा मारल्या. बाईंनी मला जवळ बोलावलं आणि त्या वाऱ्यातूनच विचारलं, "सर, माझ्या पोरांना आता कोण..." आणि भुवया वर.

शब्द मला माहीत होता. कुणालाही माहीत असता. पण तो माझ्याच्याने बोलवला नाही. मी खाली बघत राहिलो आणि यजमान उगाचच उठून पाणी आणायला गेले.

त्यांच्या जागी नवीन मॅडम आल्या. मुलगी गुणी होती, कष्टाळू होती. तिने कविता छान चालीत वाचली, पंखा चालू ठेवून, शेवटच्या शब्दासकट.  मग पिंकीचा आवाज आला, "मॅडम, आमचा शब्द तुम्ही का बोललात?" त्या बिचारीला काही कळेना. पार्टिशनच्या अलीकडे मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, पोरांना डोळे दिसू नयेत म्हणून.

नाताळची सुट्टी संपली आणि बाई शाळेत हजर. आवाज थोडा परतला होता, पण कसा? खिळखिळ्या दारासारखा. एक शब्द उमटायचा, तीन विरून जायचे. मोठ्या बाईंनी प्रेमानेच सांगितलं, "नलिनीताई, आता चारच महिने राहिलेत. लायब्ररीत बसा, पुस्तकं लावा, वर्ग नवीन मॅडम बघतील." बाईंनी नाही म्हणून मान हलवली. आम्ही सगळे स्टाफरूममध्ये बसलो होतो.  त्यांनी कपाटातून ते बिनकव्हरचं पुस्तक काढलं, पदर खोचला आणि जिना चढायला लागल्या. त्यांना वर्गात हसं व्हायची भीती नव्हती. भीती एकच होती, की ही शेवटची पोरं आपल्याविना पुढे जातील आणि पुस्तक अर्ध्यात राहील.

मी वर्गात भागाकार घेत होतो. पलीकडे गलका झाला, "बाई आल्या, बाई आल्या!" मग पंख्याची करकर थांबली. किती दिवसांनी थांबली होती! माझ्या पोरांनी लिहिणं थांबवलं. मीही खडू ठेवला.

पलीकडून फक्त घसा खरवडल्याचा आवाज आला. मग काहीतरी उमटलं, तुटलं. पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा तुटलं.  एवढ्यात टेबलावर बोटांची टकटक सुरू झाली. बाई ताल देत होत्या. आणि त्या तालावर पिंकीने, त्या तिच्या बापाच्या गावच्या चालीत, सुरुवात केली. लगेच सगळा वर्ग तिच्यात मिसळला.

"मुंगीबाई मुंगीबाई, निघालात कुठे?
साखरेच्या डब्याचे झाकण जिथे..."

आणि सगळी थांबली.

कुणीही "सुटे" म्हटलं नाही. पहिलीपासून ज्या शब्दावर ती पोरं तुटून पडायची, तो त्यांनी तसाच ठेवला. मला दादरचा तो हॉल आठवला. आज वाचणारे ते होते, तेव्हा शेवटचा शब्द ऐकणाऱ्याचा. आणि ऐकणाऱ्या आज बाई होत्या. त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं.

मला राहवलं नाही. पार्टिशनला एक फट आहे, पोरं तिच्यातून पेन्सिली सरकवतात. मी वाकून त्या फटीला डोळा लावला. बाई पुस्तक छातीशी धरून उभ्या होत्या. समोर सगळी पोरं जवळ सरकून बसलेली, सगळ्यांच्या भुवया वर. कुणाला घाई नव्हती. बाईंनी एक हात गळ्यावर ठेवला, डोळे मिटले.

"सु...टे," त्या म्हणाल्या.

घोगरा, फाटलेला, कुणा परक्या बाईचा वाटावा असा आवाज. पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, की काही नाही. आपला शब्द बरोबर आला एवढं बघून ती पुढच्या ओळीला लागली. बाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि मान अशी ताठ, जशी स्पर्धेत बाद झालो त्या दिवशी बसमध्ये होती. "फसली" जरा बरा आला. शेवटचं कडवं आलं तेव्हा पोरांचा आवाज चढला होता.

"मुंगीबाई मुंगीबाई, परत कधी येणार?
वाटेवरती कुणी मला हाक जेव्हा..."

"देणार," बाई म्हणाल्या.

त्यांचा जुना आवाज पुढेही कधी आला नाही. उरलेलं पुस्तक मात्र त्या पोरांनी आणि बाईंनी असंच पूर्ण केलं, आणि मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मी फटीपासून सरळ झालो, डोळे पुसले आणि माझ्या वर्गाकडे वळलो. अख्खी चौथी पार्टिशनकडे तोंड करून बसली होती. मी अगदी मागच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "काय गं, तुला ऐकू आलं का?"

"आलं, सर."